उतारवयातील कुत्र्या-मांजरांची सांधेदुखी : पूरक आहार कसा पारखावा?

बेंगळुरूच्या हेब्बाळ परिसरात, बल्लारी रस्त्यावर, दोन संस्था आहेत. एक म्हणजे 1958 साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय. दुसरी म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो. एकीकडे आजारी जनावरांवर उपचार होतात, दुसरीकडे कीटकांचे नमुने जतन केले जातात. वरवर पाहता या दोन कामांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्यांवर जे नाव ठळक छापलेले असते, ते ग्लुकोसामाइन, कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला चांगलेच परिचित आहे. ते कायटिनपासून काढतात, आणि कायटिन म्हणजे कीटकांच्या, तसेच कोळंबी व खेकड्यांच्या कवचाचा मुख्य घटक होय.

कायटिन हे नाव 1823 साली ओडिए या फ्रेंच अभ्यासकाने कीटकांच्या कवचावर काम करताना दिले. पुढे 1876 मध्ये लेडरहोज या जर्मन अभ्यासकाने कवचातील कायटिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळले आणि त्यातून ग्लुकोसामाइन मिळाले. आजही व्यापारी उत्पादनाची मूळ रीत फारशी वेगळी नाही. कोळंबी प्रक्रिया कारखान्यांतून निघणारी टरफले आम्लाने व अल्कलीने धुऊन कायटिन वेगळे करतात आणि त्याचे विघटन करतात. अलीकडे बुरशीपासून किंवा मक्याच्या किण्वनातूनही ग्लुकोसामाइन मिळवले जाते. टरफलांची भुकटी जनावराला तशीच खाऊ घालणे म्हणजे मात्र ग्लुकोसामाइन देणे नव्हे. कायटिन कुत्र्यांच्या पोटात फारसे पचत नाही.

सांध्यांतील कूर्चेच्या घडणीत ग्लुकोसामाइनचा उपयोग होतो, हे खरे आहे. ते पोटातून दिले की झिजलेली कूर्चा भरून निघते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. या दोन विधानांमधील अंतर ग्राहकाच्या लक्षात येत नाही, आणि त्याच अंतरावर मोठी बाजारपेठ उभी आहे.

हा प्रश्न केवळ शहरातील सदनिकांपुरता राहिलेला नाही. गोठ्याची, मळ्याची व कोंबडीघराची राखण करणारा कुत्रा, मेंढपाळांच्या कळपामागचा कुत्रा, धान्याच्या कोठीतील उंदीर आटोक्यात ठेवणारे मांजर ही सारी शेतीच्या कारभाराचाच भाग आहेत. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने जोपासलेला मुधोळ आणि सोलापूर-लातूर भागातील कारवान हे श्वान तर धावण्यासाठीच घडलेले. असे जनावर नऊ-दहा वर्षांचे झाले, पहाटे उठताना अडखळू लागले, की मालक जवळच्या जाणकाराला विचारतो. हा जाणकार अनेकदा पशुवैद्यक नसून कृषी सहायक किंवा गावातील प्रगतिशील शेतकरी असतो. त्याने काय सांगावे आणि काय सांगू नये, हे येथे मांडले आहे.

सांध्यात नेमके काय होते

अस्थिसंधिवातात हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते, सांध्यातील वंगणासारखा द्रव पातळ होतो, सांध्याच्या आवरणाला सूज येते आणि कडेने हाडांची नको ती वाढ होते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणून ती एकदा झिजली की सहजी भरून येत नाही. त्यामुळे कोणताही पूरक आहार सांधा ‘नवा’ करत नाही. सूज व वेदना कमी होऊन जनावर अधिक हालचाल करू लागले, एवढीच रास्त अपेक्षा ठेवता येते.

कुत्र्यात हा आजार ओळखणे तुलनेने सोपे असते. कुत्रा लंगडतो, उठायला वेळ लावतो, गाडीत किंवा ओट्यावर उडी मारण्याआधी थबकतो. मांजराची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत बारा वर्षांवरील 100 मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा 2002 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यांपैकी 90 मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा होत्या. तरीही मालकांना मांजर लंगडताना क्वचितच दिसते, कारण बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असतात आणि मांजर मुकाट्याने हालचाल कमी करते. ते उंच फळीवर जाणे सोडते, पाठीवरचे केस चाटून स्वच्छ ठेवत नाही, त्यामुळे केसांच्या गुठळ्या होतात. उचलून घेतले तर गुरगुरते. ‘म्हातारे झाले, आळशी झाले’ असे म्हणून घरातील माणसे गप्प बसतात.

आधी गोचीड तपासावी

लंगडणारे प्रत्येक वयस्कर जनावर अस्थिसंधिवाताचेच असते, असे मानणे ही पहिली चूक. नखे वाढून वळणे, पंजात काटा रुतणे, गुडघ्याचा बंध तुटणे, हाडाचा कर्करोग अशी अनेक कारणे असू शकतात. आपल्याकडील एका कारणाची मात्र स्वतंत्र दखल घेणे आवश्यक आहे, ते म्हणजे गोचीड.

कुत्र्यावरील तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) एर्लिकिया कॅनिस या जिवाणूचा प्रसार करते. या आजारात ताप, सुस्ती, भूक मंदावणे, नाकातून रक्त येणे अशी लक्षणे दिसतात. काही कुत्र्यांत सांधे सुजतात आणि लंगडणेही दिसते. आज पुढचा पाय, चार दिवसांनी मागचा, असे पाय बदलत लंगडणारे व अंग तापलेले जनावर दिसले की पूरक आहाराचा विचार बाजूला ठेवून रक्ततपासणी करून घ्यावी. हा आजार वेळीच ओळखला तर प्रतिजैविकाने बरा होतो. दोन महिने सांध्यांचे चूर्ण देत बसलेल्या मालकाचा तो वेळ हातचा जातो.

ही गोचीड अंगावर कमी आणि भिंतीत जास्त असते, हे विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावे. रक्त पिऊन झाल्यावर ती प्रत्येक अवस्थेत खाली उतरते, भिंतीच्या भेगांत, कुत्र्याच्या खोपटात, फरशीच्या सांध्यांत दडते आणि मादी तेथेच हजारो अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्याच्या अंगावरील उपचाराने ती आटोक्यात येत नाही. पिकावर फवारायचे कीटकनाशक मोजमाप न करता कुत्र्याला चोळण्याचे प्रकार पूर्णपणे टाळावेत. आणि ज्या घरात मांजर आहे तेथे आणखी एक सावधगिरी हवी. कुत्र्यांसाठीच्या काही गोचीडनाशकांत पर्मेथ्रिन असते. ते मांजराला विषारी असून जिवावर बेतू शकते.

बाटली ‘लागू पडली’ असे का वाटते

करडईवर मावा भरपूर वाढतो. शेतकरी हवालदिल होऊन एखादे ‘टॉनिक’ फवारतो आणि आठवड्यात मावा उतरतो. फवारणी लागू पडली असे तो सांगतो. प्रत्यक्षात त्या काळात ढालकिडे वाढलेले असतात, हवामान पालटलेले असते आणि न फवारलेल्या शेजारच्या शेतातही मावा उतरलेला असतो. अनुपचारित वाफा ठेवल्याशिवाय फवारणीचे श्रेय फवारणीला देता येत नाही, हे विस्तार कार्यकर्त्याला वेगळे सांगावे लागत नाही. सांधेदुखीच्या बाटलीला मात्र हा नियम कोणी लावत नाही.

अस्थिसंधिवाताची वेदना सारखी नसते. ती थंडीत, जास्त पळापळीनंतर किंवा वजन वाढल्यावर उसळते आणि पुन्हा काहीशी उतरते. मालक बाटली विकत घेतो ती वेदना उसळलेली असताना. साहजिकच पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बरे वाटण्याचीच शक्यता अधिक. त्यात पैसे खर्च केलेले असतात आणि जनावर बोलू शकत नसल्यामुळे निरीक्षण मालकाच्या इच्छेने रंगते.

हे किती प्रमाणात घडते, याचे मोजमाप झालेले आहे. सांधेदुखीमुळे लंगडणाऱ्या आणि निष्क्रिय गोळी दिल्या गेलेल्या 58 कुत्र्यांची माहिती 2012 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पायावर पडणारा भार मोजणाऱ्या फलाटावर या कुत्र्यांना चालवले होते. फलाटावरच्या मोजमापात सुधारणा नसतानाही निम्म्याहून अधिक, सुमारे 57 टक्के मालकांनी सुधारणा नोंदवली. याहून महत्त्वाचे असे की तपासणाऱ्या पशुवैद्यकांतही हा भास 40 ते 45 टक्के वेळा आढळला. अनुभवी डोळाही येथे फसतो. त्यामुळे ‘आमच्या कुत्र्याला गुण आला’ हे वाक्य कितीही प्रामाणिक असले तरी पुरावा म्हणून त्याचे मोल अल्प आहे.

घटकांची पारख

ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन ही जोडी सर्वाधिक खपते. बीगल कुत्र्यांतील एका अभ्यासात तोंडावाटे दिलेल्या ग्लुकोसामाइनपैकी सुमारे 12 टक्के आणि कॉन्ड्रॉइटिनपैकी सुमारे 5 टक्केच शरीरात पोहोचल्याचे दिसले. परिणामाचे पुरावे संमिश्र आहेत. 35 कुत्र्यांवरील 2007 च्या एका चाचणीत 70 व्या दिवशी पशुवैद्यकांच्या गुणांकनात सुधारणा दिसली. पण त्या चाचणीत निष्क्रिय गोळीचा गट नव्हता. उलट 71 कुत्र्यांवरील 2003 च्या चाचणीत भारमापक फलाटावर वेदनाशामकांचा परिणाम दिसला, या जोडीचा दिसला नाही. माणसांतील सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक अमेरिकेत 1583 रुग्णांवर झाली व 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी 60 टक्के आणि दोन्ही घटक एकत्र घेणाऱ्यांपैकी सुमारे 67 टक्के रुग्णांनी आराम पडल्याचे सांगितले. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या गटाने 2022 मध्ये कुत्र्या-मांजरांवरील 72 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. वेदना कमी करण्यासाठी ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनची शिफारस यापुढे करू नये, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या घटकांनी सहसा अपाय होत नाही. परंतु मर्यादित पैशांत आधी काय घ्यावे असा प्रश्न असेल, तर ती जागा या जोडीची नाही.

त्याच आढाव्यात ज्या घटकाचा परिणाम स्पष्टपणे दिसला तो म्हणजे माशांच्या तेलातील ओमेगा-3 मेदाम्ले, विशेषतः ईपीए आणि डीएचए. सूज वाढवणारी रसायने शरीर ज्या मेदाम्लांपासून तयार करते त्यांची जागा ही मेदाम्ले काही अंशी घेतात. म्हणून सूज कमी होते. 38 कुत्र्यांवरील 2010 च्या चाचणीत माशांच्या तेलयुक्त आहार घेणाऱ्यांपैकी 82 टक्के कुत्र्यांच्या दुखऱ्या पायावरील भार वाढला. नेहमीचा आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण 38 टक्के होते. ही 38 टक्क्यांची सुधारणा काहीच विशेष न देता झाली, हेही ध्यानात घ्यावे. तोच येथील अनुपचारित वाफा. मांजरांत पुरावा कमी आहे, तरी 16 मांजरांवरील एका लहान चाचणीत माशांच्या तेलाने त्यांचे उडी मारणे व पायऱ्या चढणे सुधारल्याचे आढळले.

येथे लेबल वाचण्याचे कसब लागते आणि ते शेतकऱ्याला चांगले अवगत असते. युरियाच्या गोणीत 46 टक्के नत्र असते. खताची किंमत गोणीवर नव्हे, तर अन्नद्रव्याच्या किलोवर काढावी, असे आपण सांगतो. माशांच्या तेलाचेही तसेच आहे. ‘1000 मि.ग्रॅ. फिश ऑइल’ हे गोणीचे वजन झाले. आत ईपीए आणि डीएचए मिळून किती, हे अन्नद्रव्य. साध्या कॅप्सूलमध्ये ते बहुधा 180 व 120, म्हणजे एकूण 300 मि.ग्रॅ. असते. कुत्र्यांच्या सांधेदुखीसाठी तज्ज्ञांनी सुचवलेले प्रमाण चयापचयी वजनाच्या प्रतिकिलो सुमारे 310 मि.ग्रॅ. आहे. चयापचयी वजन म्हणजे वजनाचा 0.75 वा घात. हा हिशेब करून पाहिला तर 10 किलोच्या कुत्र्याला रोज सुमारे 1740, 20 किलोच्या कुत्र्याला 2930 आणि 30 किलोच्या कुत्र्याला 3970 मि.ग्रॅ. ईपीए व डीएचए लागते. म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला साध्या कॅप्सूल जवळजवळ दहा! रोज एक कॅप्सूल देणारा मालक प्रत्यक्षात शिफारशीच्या दशांश मात्रा देत असतो, आणि ‘तेलाचा उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष काढतो. शिफारशीच्या दशांश मात्रेने फवारलेले औषध चालले नाही म्हणून कोणी औषधाला दोष देत नाही.

अर्थात दहा कॅप्सूल एकदम सुरू करणे योग्य नव्हे. वरील आकडे शिफारशीच्या वरच्या टोकाचे आहेत. कुत्र्यांसाठीची सुरक्षित कमाल मर्यादा 370 मि.ग्रॅ. मानली जाते, म्हणजे मधले अंतर थोडे आहे. चौथ्या हिश्शापासून आरंभ करून तीन-चार आठवड्यांत मात्रा वाढवावी; जुलाब झाल्यास मागे यावे. शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा स्वादुपिंडाचा आजार होऊन गेला असेल तर पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नये. दहा ग्रॅम तेल म्हणजे 90 किलोकॅलरी. तेवढा आहार कमी केला नाही तर वजन वाढून लाभ हातचा जाईल. म्हणून ईपीए-डीएचएचे प्रमाण अधिक असलेले तेल महाग वाटले तरी प्रति मि.ग्रॅ. हिशेब करून पाहावे. पुष्कळदा तेच परवडते. मांजरासाठी असे नेमके प्रमाण ठरलेले नाही. ते पशुवैद्यकाकडूनच घ्यावे.

कोकणपट्टीत तारली हा स्वस्त आणि तेलकट मासा मिळतो. तो मीठ-मसाल्याविना शिजवून, काटे काढून आहारात देता येतो. तेलाचे प्रमाण हंगामानुसार बरेच बदलत असल्याने मोजून मात्रा देणे मात्र त्यात जमत नाही. कच्चा मासा नियमित देऊ नये, कारण अनेक माशांत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते आणि मांजरे त्या कमतरतेला लवकर बळी पडतात. खारवलेले सुके मासे तर नकोतच. मीठ जास्त आणि तेल खवट झालेले. उघड्या बाटलीतले तेल खवट वास येताच टाकून द्यावे. कॉड माशाच्या यकृताचे तेल हे साध्या माशांच्या तेलाऐवजी वापरू नये, त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे फार असतात. मांजराला दीर्घकाळ केवळ यकृत खाऊ घातल्यास अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने मानेचे मणके एकमेकांना जखडतात. ज्या मानदुखीवर मालक उपाय शोधत असतो ती त्यानेच ओढवून घेतलेली असते.

विदर्भातील शेतकरी जवसाबद्दल हमखास विचारतील. जवसात ओमेगा-3 विपुल आहे, पण ते वेगळ्या स्वरूपात, अल्फा-लिनोलेनिक आम्ल म्हणून असते. त्याचे ईपीएत रूपांतर कुत्र्याच्या शरीरात थोडेच होते आणि मांजराच्या शरीरात जवळजवळ होत नाही. जवस हे माणसाचे उत्तम अन्न आहे. मांजराच्या सांध्यांसाठी ते माशांच्या तेलाची जागा घेऊ शकत नाही.

हळदीचेही असेच. 61 कुत्र्यांवर हळदीच्या अर्काची निष्क्रिय गोळीशी तुलना करणारी चाचणी 2003 साली प्रसिद्ध झाली. पशुवैद्यकांना एकंदर सुधारणा जाणवली, पण भारमापक फलाटावर फरक दिसला नाही. सालईच्या डिंकाची कथा महाराष्ट्राला जवळची, कारण हा वृक्ष सातपुड्यात आणि विदर्भाच्या कोरड्या टेकड्यांवर आढळतो. युरोपात 2004 मध्ये त्याच्या अर्काची कुत्र्यांवर चाचणी झाली आणि 24 पैकी 17 कुत्र्यांत गुण दिसला. मात्र तुलनेसाठी गटच नव्हता. आशा वाटावी असा हा घटक आहे. चांगली चाचणी झाल्याशिवाय याहून अधिक म्हणणे उचित नाही.

न्यूझीलंडमधील हिरव्या शिंपल्याच्या भुकटीवरील चाचण्यांत काही अनुकूल, काही प्रतिकूल आहेत. जास्त उष्णता दिलेल्या भुकटीचा गुण कमी होतो असे मानले जाते. गोव्यात शिनाणे म्हणून ओळखला जाणारा आपला हिरवा शिंपला त्याचाच भाऊबंद, आणि कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने त्याच्या अर्कापासून माणसांच्या सांधेदुखीसाठी उत्पादनही विकसित केले आहे. कुत्र्यांसाठी त्याची मात्रा मनाने ठरवू नये. कोलॅजेनबाबत मॉन्ट्रियलच्या आढाव्याने परिणाम क्षीण असल्याचे म्हटले आहे.

ज्या बाटलीवर वीस घटकांची नावे आहेत, पण प्रत्येकाचे प्रमाण न देता ‘विशेष मिश्रण’ एवढेच लिहिले आहे, ती घेऊ नये. घटकाचे प्रमाण, उत्पादन तुकडी, मुदत आणि उत्पादकाचा पत्ता ही किमान माहिती हवी. पिकांवरील जैव-उत्तेजके 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. जनावरांसाठीचे उत्पादन औषध म्हणून विकले तर 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागतो. ‘पूरक आहार’ म्हणून विकले की सांधेदुखीवरचा परिणाम सिद्ध करण्याचे बंधन राहत नाही. म्हणून पारखण्याचे काम ग्राहकावर येऊन पडते. माणसांसाठीची चघळायची गोळी कुत्र्याला देताना तिच्यात झायलिटॉल नाही ना, हे पाहावे. ही गोड साखर-पर्यायी वस्तू कुत्र्यांना विषारी आहे.

फुकटचा उपाय

कोणत्याही बाटलीपेक्षा अधिक पुरावा असलेला उपाय विकत मिळत नाही. 48 लॅब्राडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील एकाला आयुष्यभर 25 टक्के कमी आहार दिला गेला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 13 वर्षे, तर दुसऱ्या गटाचे 11.2 वर्षे होते. संधिवातावर कायमचे औषध सुरू करण्याची वेळ एका गटात 13.3 व्या वर्षी आली, दुसऱ्यात 10.3 व्या वर्षी. तीन वर्षे वेदनेशिवाय! स्थूल कुत्र्यांवरील दुसऱ्या एका अभ्यासात वजन सुमारे 6 टक्के घटताच लंगडणे लक्षणीयरीत्या कमी झाले. 30 किलोच्या कुत्र्यात हे दोन किलोहूनही कमी भरते.

वजन पाहण्यासाठी काटाही लागत नाही. छातीवर हलकेच हात फिरवला असता बरगड्या बोटांना जाणवल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यास कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. मुधोळ किंवा कारवान श्वानाच्या बरगड्या दिसतात म्हणून त्याला ‘उपाशी’ ठरवून चारणारे शेजारी पुष्कळ असतात. या जातींची ठेवणच सडपातळ आहे. मांजराचे वजन मात्र झपाट्याने उतरवू नये. उपासमारीने त्याच्या यकृतात चरबी साठते व ते गंभीर आजारी पडते.

जोडीला थोडे, पण रोजचे चालणे हवे. आठवडाभर बांधून ठेवून रविवारी पळवणे वाईट. शहरात गुळगुळीत ग्रॅनाइट आणि टाइलवर घसरून दुखणे वाढते. तेथे गोणपाट किंवा खरबरीत चटई अंथरावी. मांजरासाठी फळीखाली एखादी पेटी ठेवून पायरी करून द्यावी.

वेदनाशामकाविषयी दक्षता

पूरक आहाराने भागत नसेल तर पशुवैद्यकाने दिलेले वेदनाशामक टाळू नये. दुखणे सोसायला लावण्यात शहाणपण नाही. धोका आहे तो घरातील माणसांच्या गोळ्यांचा. पॅरासिटामॉलचे विघटन मांजराच्या यकृताला करता येत नाही, 500 मि.ग्रॅ.ची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅकने कुत्र्यांच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डायक्लोफिनॅकने गिधाडांचा संहार केला म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली, हे विस्तार कार्यकर्त्यांना ठाऊक आहेच. घरात माणसांसाठी आणलेली पट्टी मात्र अजूनही हाताशी असते. काळी शौच, उलटी किंवा खाणे सोडणे दिसताच औषध थांबवून तात्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे.

घरच्या घरी चाचणी

घरी अनुपचारित वाफा ठेवता येत नाही. पण नोंद ठेवता येते. पूरक आहार सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे काही न बदलता पाहावे. त्याच वाटेवर, त्याच वेळी, कुत्रा चालताना भ्रमणध्वनीवर एक मिनिटाचे चित्रण करावे. तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात, उदाहरणार्थ सकाळी उठून चालू लागण्यास लागणारा वेळ, ओट्यावर स्वतः चढतो की नाही, मळ्याची फेरी पूर्ण करतो की मध्येच बसतो. मांजराबाबत ते किती उंचीवर उडी घेते हे पाहावे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कुत्र्यांसाठी तयार केलेली छोटी वेदना-प्रश्नावली पशुवैद्यकाकडून समजून घेतल्यास नोंद अधिक नेमकी होते.

त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा. तेल, नवी गोळी आणि कमी आहार एकदमच सुरू केले तर कशाने काय झाले ते कधीच कळणार नाही. माशांच्या तेलाला पूर्ण मात्रेवर आठ ते बारा आठवडे द्यावेत. मग जुने व नवे चित्रण घरातील अशा माणसाला दाखवावे ज्याला कोणते आधीचे हे माहीत नाही, आणि कुत्रा कशात बरा चालतो ते विचारावे. त्याला फरक ओळखता आला नाही तर बाटली बंद करावी. बंद केल्यावर महिन्याभरात चाल पुन्हा बिघडली, तर ती पुन्हा सुरू करण्यास आधार मिळतो. ही नोंदवही आणि बाटलीचे लेबल पुढच्या भेटीत पशुवैद्यकापुढे ठेवावे, म्हणजे वेदनाशामकाची मात्रा ठरवताना त्याला त्याचा उपयोग होईल.